कोल्हापूरहून समुद्राकडे: कोणत्या घाटाखाली कोणतं जुनं बंदर आहे?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्या यादीत पन्हाळा आहे, हे कोल्हापुरात लगेच सगळ्यांना कळलं. स्टेटसवर स्टेटस पडले. पण याच यादीत विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे दोन जलदुर्गही आहेत आणि पन्हाळ्यावरून निघून ते दोन्ही पाहायला एक लांब वीकेंड पुरतो, याची चर्चा फारशी झाली नाही.

कोल्हापूरपासून समुद्राचं हवाई अंतर जेमतेम शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. मध्ये सह्याद्री उभा असल्याने रस्त्याने ते दीडशेच्या घरात जातं. थेट रेल्वे नाही. कोल्हापूर-वैभववाडी मार्ग बरीच वर्षं कागदावर आहे. म्हणजे एसटी किंवा स्वतःची गाडी, आणि घाट.

बहुतेक जण कोकणची सहल ठरवताना आधी बीच निवडतात. इन्स्टाग्रामवर तारकर्लीचं निळं पाणी दिसतं, मग मॅप लावला जातो, मग मॅप दाखवेल त्या घाटाने गाडी उतरते. खरं तर कोल्हापूरकरांसाठी उलटा क्रम जास्त सोयीचा आहे. आधी घाट ठरवायचा. कारण यातला जवळपास प्रत्येक घाट मुळात एका बंदरासाठीच वाहता होता. देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून खाली बंदरात जायचा, आणि बंदरात उतरलेलं मीठ, मासळी, नारळ, परदेशी सामान वर यायचं. घाट कळला की खाली कोणतं शहर आहे आणि ते तिथेच का वसलं, हेही कळतं.

आंबा घाट: रत्नागिरी

हा सगळ्यात रुळलेला रस्ता. कोल्हापूर, मलकापूर, आंबा, साखरपा, हातखंबा आणि रत्नागिरी. साधारण १३० किलोमीटर. रत्नागिरी-नागपूर महामार्ग याच वाटेने जातो.

रत्नागिरीला लोक जातात ते बहुधा गणपतीपुळ्याच्या ओढीने, आणि शहराला वळसा घालून निघून जातात. हे थोडं चुकतं. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून इथे आणून ठेवलं. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत, आणि रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात, हा योगायोग रत्नागिरीकर आवर्जून सांगतात. टिळकांचं जन्मघर आणि १९३१ चं पतितपावन मंदिर हेही शहरातच आहे. थिबा पॅलेसमधलं संग्रहालय पाहायचं असेल तर सोमवार टाळलेला बरा. सरकारी संग्रहालयं बहुधा त्या दिवशी बंद असतात.

अणुस्कुरा घाट: राजापूर

मलकापूरच्या पुढून एक वाट अणुस्कुऱ्याने खाली राजापूरला जाते. आज पर्यटक राजापूरला थांबत नाहीत, कारण तिथे बीचच नाही. गाव समुद्रापासून आत, अर्जुना नदीच्या काठावर आहे. पण सतराव्या शतकात कोकण किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांमध्ये त्याची गणना होती आणि तिथे इंग्रजांची वखार होती.

त्या वखारीचा पन्हाळ्याशी थेट संबंध आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा आणि दारूगोळा घेऊन वर आले आणि आपलं निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. हेन्री रेव्हिंग्टन हा त्यांचा प्रमुख. व्यापारी म्हणून आलेल्यांनी हे करायची काही गरज नव्हती. शिवाजी महाराजांनी पुढच्याच वर्षी, १६६१ मध्ये, राजापूरवर स्वारी केली, वखार खणून काढली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केलं. त्यांची सुटका व्हायला सुमारे दोन वर्षं लागली. पन्हाळ्यावर पावनखिंडीची गोष्ट सगळे ऐकतात, तिचा हा पुढचा भाग घाटाखाली आहे.

राजापूर मागे का पडलं? नदीने आणलेला गाळ खाडीत साचत गेला आणि जहाजं आकाराने वाढत गेली. खाडीच्या टोकाला वसलेल्या बऱ्याच बंदरांचं असंच झालं. आज राजापूर ओळखलं जातं ते गंगेसाठी. उन्हाळे गावाजवळच्या चौदा कुंडांमध्ये अधूनमधून पाणी प्रकटतं आणि काही काळाने नाहीसं होतं. जवळच गरम पाण्याचा झराही आहे.

गगनबावडा: खारेपाटण आणि विजयदुर्ग

कोल्हापूरहून गगनबावडा सुमारे ५५ किलोमीटर. तिथे रस्त्याला दोन फाटे फुटतात. करूळ घाट वैभववाडी-तळेऱ्याकडे उतरतो, भुईबावडा घाट खारेपाटणकडे. दोन्ही शेवटी मुंबई-गोवा महामार्गाला मिळतात. निघण्याआधी कोणता घाट चालू आहे, एवढं विचारून घ्यावं. रुंदीकरणासाठी करूळ घाट २०२४ मध्ये बराच काळ बंद होता, आणि पावसाळ्यात दरड आली की यातला कुठलाही घाट काही तासांत बंद होऊ शकतो.

खारेपाटण आता हायवेवरचं चहाचं गाव वाटतं. पण तेही जुनं बंदर. दक्षिण कोकणच्या शिलाहारांचा इ.स. १००८ चा ताम्रपट इथेच सापडला. पन्हाळा आणि कोल्हापूर ज्यांच्या ताब्यात होतं ते शिलाहार याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेचे. म्हणजे घाटाच्या वर आणि खाली एकाच कुळाची राज्यं होती.

इथून खाडी समुद्राला मिळते तिथे विजयदुर्ग. कोल्हापूरपासून अंतर अंदाजे १४० किलोमीटर. तीन बाजूंना पाणी, तिहेरी तटबंदी, आणि किल्ल्यात गाडी लावून चालत जाता येतं, होडी लागत नाही. सोबत वयस्कर माणसं असतील तर सिंधुदुर्गापेक्षा हा किल्ला सोपा. आंग्र्यांच्या काळात इंग्रज, पोर्तुगीज, डच या सगळ्यांना या किल्ल्याची धास्ती होती. शेवटी फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्रातून वॉटसन आणि क्लाइव्हचं इंग्रजी आरमार आणि जमिनीवरून पेशव्यांचं सैन्य, असा दुहेरी हल्ला झाला. तुळाजी आंग्रे पकडले गेले आणि मराठ्यांचं आरमार इथल्या बंदरात जळालं. मराठी सैन्याच्याच मदतीने मराठी आरमार संपलं, हा वाद इतिहासकारांमध्ये अजून शमलेला नाही.

किल्ल्याजवळ समुद्राखाली दगडी भिंत आहे, हे व्हॉट्सॲपवर नेहमी फिरतं. ते खरं आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीत सुमारे १२२ मीटर लांबीची भिंत आढळली. शत्रूची जहाजं फुटावीत म्हणून ती बांधली, असा सर्वसाधारण समज आहे.

विजयदुर्ग आणि हेलियम: फॉरवर्डमधलं काय खरं?

दुसरा फॉरवर्ड मात्र तपासून घ्यावा असा आहे. "हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला" आणि "नॉर्मन लॉकियरने १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण किल्ल्यावरच्या ओट्यावरून पाहिलं", असं दरवर्षी १८ ऑगस्टला वाचायला मिळतं. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत, तेही खरं.

पण १८६८ च्या त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर भारतात नव्हता. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन याने ते ग्रहण आंध्रातल्या गुंटूरहून पाहिलं. लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला आणि त्यातली अनोळखी पिवळी रेषा एखाद्या नव्या मूलद्रव्याची असावी, असा निष्कर्ष पुढे काढला. तेच हेलियम.

मग लॉकियर आणि विजयदुर्ग ही जोडी आली कुठून? तो विजयदुर्गला खरोखर आला होता, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण पाहायला त्याची मोहीम इथे तळ ठोकून होती. दुर्बिणी आणि कॅमेरे ठेवायला लागणारे पक्के ओटे त्या मोहिमेचे असणं जास्त संभवतं. म्हणजे हेलियमचा मान विजयदुर्गाला देता येत नाही. पण हेलियम ओळखणारा माणूस इथे येऊन सूर्याकडे पाहत बसला होता, ही गोष्टही काही लहान नाही.

फोंडा घाट: मालवण

राधानगरी, दाजीपूरचं गव्यांचं जंगल, फोंडा, कणकवली, मालवण. दीडशे किलोमीटरच्या थोडं पुढे. दाजीपूरच्या टप्प्यात अंधार पडल्यावर गवे रस्त्यावर येतात. हा घाट दिवसाउजेडी उतरावा.

मालवणला गेलेला कोल्हापूरकर एका अर्थी आपल्याच जुन्या संस्थानात जातो. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम नोव्हेंबर १६६४ मध्ये कुरटे बेटावर सुरू झालं. सुमारे ४८ एकरांचं बेट, नागमोडी तट, समोर येईपर्यंत न दिसणारा दरवाजा, चारी बाजूंना खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. छत्रपती राजाराम महाराजांनी इथे शिवरायांचं मंदिर उभारलं, ते शिवराजेश्वर मंदिर. पुढे सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्यावर सिंधुदुर्ग आणि मालवण कोल्हापूरकरांकडे राहिलं. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, त्याचं नावही बदलून 'फोर्ट ऑगस्टस' ठेवलं, पण पुढच्याच वर्षी पैसे घेऊन तो कोल्हापूरला परत केला. त्या वेळी कोल्हापूरचा कारभार महाराणी जिजाबाई पाहत होत्या. अखेर १८१२ च्या तहात मालवण आणि सिंधुदुर्ग कायमचे इंग्रजांकडे गेले आणि कोल्हापूर संस्थान समुद्रापासून तुटलं. त्याच वर्षी सावंतवाडीकरांकडून वेंगुर्लाही गेलं. कोल्हापूर आणि सावंतवाडी या दोन्ही राज्यांना आपली ही बंदरं एकाच वर्षात गमवावी लागली.

किल्ल्यावर आजही काही कुटुंबं राहतात. हा कुणाच्या तरी गावाचा रस्ता आहे, शूटिंगचा सेट नाही, हे दारात घुसून रील काढणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेलं बरं. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग दोन्ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही.

किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. स्नॉर्केलिंग करताना प्रवाळांवर पाय टेकवून उभं राहू नये. ते दगड दिसतात, पण जिवंत असतात आणि हळू वाढतात.

जेवणाबद्दल एकच गोष्ट. मालवणात तांबडा-पांढरा शोधणारे लोक प्रत्येक सीझनला भेटतात. तिथे बांगडा आहे, सुरमई आहे, कोंबडी-वडे आहेत, तिरफळ घातलेली आमटी आहे, सोलकढी आहे. पांढरा रस्सा दोन दिवस थांबू शकतो.

आंबोली घाट: वेंगुर्ला, शिरोडा

आजऱ्यावरून आंबोली, मग सावंतवाडी, मग वेंगुर्ला. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पाच वाटांमधली ही लांबची, आणि म्हणून सगळ्यात कमी गर्दीची. आंबोली महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. सावंतवाडीत मोती तलाव, राजवाडा आणि लाकडी खेळणी.

वेंगुर्ल्यात डचांनी १६३७ मध्ये वखार उघडली होती. तिचे पडके अवशेष गावात आहेत. पाट्या पाहून मोठी अपेक्षा ठेवू नये, झाडोऱ्यात उभ्या भिंती आहेत. पण गोव्याच्या पोर्तुगीजांवर डोळा ठेवायला डचांनी ही जागा का निवडली, ते बंदराच्या टेकडीवर उभं राहिलं की समजतं. इंग्रजांच्या काळात बेळगावच्या छावणीचं सामान याच बंदरात उतरून घाटाने वर जात असे.

पुढे शिरोडा. मे १९३० मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर १९२० पासून अठरा वर्षं शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते आणि मग कोल्हापूरला आले ते कायमचे. शिवाजी विद्यापीठातलं खांडेकर संग्रहालय पाहिलेल्यांना शिरोड्याची वाट जास्त ओळखीची वाटेल.

पाण्यात उतरण्याआधी

किनाऱ्यावरच्या बातम्यांमध्ये कोल्हापूर, सांगली, सातारा, इचलकरंजी ही नावं वारंवार येतात, आणि बहुतेक बातम्या बुडण्याच्या असतात. पंचगंगेत पोहायला शिकलेला माणूस समुद्रातही पोहू शकतो, हा समज यामागे असतो. नदी एकाच दिशेने ओढते. समुद्र दिवसातून चार वेळा दिशा बदलतो.

भरतीची वेळ काढायला कोकणात एक जुना हिशेब आहे. पंचांगातल्या तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरा धरायची, म्हणजे सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. जागेनुसार यात थोडा फरक पडतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त जोराने उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, ती सौम्य.

ओहोटीला पाणी शांत दिसतं आणि लोक आत जातात. नेमकं तेव्हाच पाणी बाहेरच्या दिशेने निघालेलं असतं. त्यातही लाटा फुटतात त्या पट्ट्यात मध्येच एखादी जागा सपाट, लाट नसलेली दिसली तर ती सुरक्षित नसते. अनेकदा किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच वेगाने आत परतत असतं. अशा ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे जोर लावून पोहण्यात दम संपतो. आधी किनाऱ्याला समांतर, आडवं पोहून त्या पट्ट्याबाहेर पडायचं आणि मग वळायचं. ओढ अरुंद असते. वाचवायला साखळी करून आत जाणं हा सगळ्यात घातक प्रकार आहे, कारण त्यात एकाच्या जागी चार जातात. दोरी, रिकामा कॅन, ट्यूब, जे तरंगेल ते फेकायचं आणि ११२ ला फोन करायचा.

गणपतीपुळ्याला विशेष जपावं. देवदर्शन झाल्यावर कपड्यांसकट लाटांमध्ये जाणारे गट तिथे नेहमी असतात, आणि तिथे तळाची वाळू एकदम खोल जाते. जीवरक्षक थांबवत असेल तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. गाडी वाळूवर नेऊ नये, तेही याच हिशेबात. ओहोटीला टणक वाटलेली वाळू भरतीला चाकं गिळते.

कधी जायचं, किती दिवस

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा चांगली. एप्रिल-मे मध्ये उकाडा असह्य होतो, पण हापूस त्याच वेळी असतो, तेव्हा ज्याची त्याची निवड. पावसाळ्यात घाट सुंदर असतात आणि समुद्र बंद असतो. मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत प्रवासी होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स थांबवले जातात, सिंधुदुर्ग किनाऱ्यावरूनच पाहावा लागतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते. त्या दिवसांत ताटात आलेली 'ताजी सुरमई' किती ताजी, हे हॉटेलवाल्याला विचारून पाहावं.

गणपतीत आणि शिमग्याला जाणं टाळावं. महामार्ग चाकरमान्यांनी भरलेला असतो आणि बऱ्याच घरगुती खानावळींची, न्याहारी-निवासवाल्यांची माणसं स्वतःच सणात असतात.

दोन मुक्काम असतील तर एकच फेरी जमते. गगनबावड्याने उतरून विजयदुर्ग, तिथून किनाऱ्याने देवगड आणि कुणकेश्वर, मग मालवण, आणि फोंड्याने वर. रत्नागिरी आणि मालवण एकाच वीकेंडला करणाऱ्यांच्या वाट्याला मुख्यतः हायवे येतो. सिंधुदुर्गासाठी सकाळची पहिली होडी धरावी. दुपारी तटावरचा दगड तापतो आणि वारा वाढला की होड्या मध्येच थांबवतात. होडीत लाइफ जॅकेट मागून घ्यावं आणि खच्चून भरलेली होडी सरळ सोडून द्यावी, दुसरी अर्ध्या तासात येते. परतीला मालवणहून दुपारी दोनपर्यंत निघालं तर दाजीपूर उजेडात पार होतं.